चाळीस सीड्यांची बचत

लातूर, ट्यूशन एरिया
५ सप्टेंबर २०११

रेणुकादासराव,

नमस्कार लिहितो, कारण तो लिहायचा असतो.

आधी हिशेब घ्या. चार हजार निगेटिव्ह होत्या. स्कॅन करून टिफमध्ये ठेवल्या असत्या तर एका फोटोला आठ एमबी, म्हणजे सेहेचाळीस सीड्या. जेपेगमध्ये ठेवल्या, एका फोटोला एक एमबी, सहा सीड्यांत काम भागलं. चाळीस सीड्या वाचल्या. २००२ साली कोरी सीडी वीस रुपयांना मिळायची. आठशे रुपये झाले. ह्या आठशे रुपयांपायी लिंबाळवाडीच्या केवळाबाईची पोरगी गेली. त्र्याण्णवच्या भूकंपात एकदा गेली होतीच, परवा माझ्या दुकानात दुसऱ्यांदा गेली.

हे फोनवर सांगणार होतो. तीन वेळा लावला. राजश्रीवहिनी म्हणाल्या, "ते बाहेर गेलेत." मागून तुमच्या खोकल्याचा आवाज आला. भागीदारी मोडून सात वर्षं झाली, खोकला काही बदलला नाही. माझे कान कसे आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, निदान तोंडावर रुमाल तरी धरायचा होता. म्हणून आता कागदावर लिहून राहिलो. कागदाला बाहेर जाता येत नाही.

आठवण करून देतो, शिकलेल्या माणसाला विसरायची सोय असते म्हणून. त्या चार हजार निगेटिव्ह मी काढलेल्या होत्या. शिरूर अनंतपाळहून सायकलवर निघायचो, गळ्यात कॅमेरा, हँडलला डब्याची पिशवी. निराधार योजनेच्या फॉर्मचे फोटो, लग्नं, शाळेचे ग्रुप. भूकंपानंतर त्या गावांतल्या भिंती राहिल्या नाहीत, भिंतीवरचे फोटो कुठून राहणार? जे काही उरलं ते माझ्या बिस्किटांच्या डब्यांत उरलं. लोक यायचे, म्हणायचे, "वैजनाथ, आमचा म्हातारा तुझ्याकडं आसंल बघ." मी डबा उघडायचो आणि म्हातारा काढून द्यायचो. फुशारकी नाही मारत, लिंबाळवाडीतला एकूण एक चेहरा मला आजही तोंडपाठ आहे. मानेवरून माणूस सांगतो.

केवळाबाई तुम्हाला आठवत असेल. चहा बशीत ओतून आधी तुमच्यापुढं सरकवायची, "मास्तर, तुमी घ्या" म्हणायची. तिचा नवरा, सासू आणि शेवंता, तिघं एका रात्रीत गेली. शेवंताचा फोटो एकच आहे, चौथीच्या वर्गाचा ग्रुप, जानेवारी त्र्याण्णव, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी. निगेटिव्हवर मोहरीएवढं तोंड. दर सप्टेंबरात बाई येते, मी तेवढंच तोंड मोठं करून पोस्टकार्डाएवढा फोटो देतो. हार, उदबत्ती, वर तिचं कुंकवाचं बोट, त्यानं फोटो वर्षभरात काळवंडतो. फ्रेम तीच, फोटो नवा. नऊ वर्षं हा नेम आहे. माझ्याकडं आता तीन मशिनी आहेत, दोन ऑपरेटर आहेत, पण शेवंताच्या फोटोला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

ह्या वर्षी बाई म्हणाली, "पोस्टकार्डात आता मला नुसतं पांढरं दिसतंय. भाकरीएवढं कर तिचं तोंड."

तिला काचबिंदू झालाय. उजवा डोळा गेला. उदगीरच्या डॉक्टरनं सांगितलंय, डाव्यात दिवाळीपर्यंत आहे, नंतरचं धरू नका.

मी मोठा करून काढला. रेणुकादासराव, चेहरा नाही. फरशी बसवल्यासारख्या चौकटी, मधे दोन काळे डाग, ते डोळे असावेत. बाईला म्हणालो, मशीन बिघडलंय, महिनाअखेरीला या. पस्तीस वर्षांत गिऱ्हाइकाला मशीन बिघडलंय म्हणून मी पहिल्यांदा सांगितलं.

जेपेग तुमचं. कॉम्प्युटर तुमचा. "वैजनाथराव, आता हे फोटो कुठं जात नाहीत," हे शब्द तुमचे. आता बोला.

वैजनाथ


लातूर
११ सप्टेंबर

रेणुकादासराव,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी. "फाइल मूळ आहे तशी ईमेल करा. पुन्हा उघडून सेव्ह करू नका. सीड्या वाचतात का पाहा. निगेटिव्हचे डबे कुठे आहेत?" ना नमस्कार, ना बाई कशी आहे. तहसीलचा कारकूनसुद्धा "संदर्भ" म्हणून एक ओळ वर घालतो.

सेव्ह करू नका म्हणे. फाइल काय दुधावरची साय आहे का, हात लागला की मोडेल? कॉम्प्युटरमधली फाइल पाठवली आहे. राजश्रीवहिनींच्या भाच्याच्या ईमेलवर पाठवावी लागली, कारण तुमचा पत्ता मला तुम्ही कधी दिलाच नाही.

सीड्या वाचत नाहीत. सहाही घालून बघितल्या. मशीन घरघर करतं आणि म्हणतं, डिस्क घाला. त्या खिडकीत ठेवल्या होत्या. ऊन येतं तिथं, हे मला दिसत होतं. सीडीला ऊन लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणाला होता, शंभर वर्षं टिकेल. शंभरातली नऊ झाली.

ह्या निमित्तानं मे २००२ची ती दुपार आठवून बघितली. तुम्हाला वाटेल मी सोयीचं आठवतो. माझ्या दुकानात बोललेला शब्द माझ्या कानातून जात नाही, म्हणून सगळंच लिहितो. पंखा बंद होता, लाइट गेली होती. तुम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत म्हणालात, "टिफ म्हणजे उभं कणीस. जेपेग म्हणजे दळलेलं पीठ. पिठाला जागा कमी लागते, पण पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही."

मी म्हणालो, "गिऱ्हाइक भाकर खातं मास्तर, कणीस कोण खातं?"

तुम्ही हसलात. मग मी विचारलं, कणसाला किती सीड्या. तुम्ही म्हणालात सेहेचाळीस. पिठाला? सहा. त्यावर मी गप्प बसलो. बाहेरून कुणीतरी सीईटीच्या हॉलतिकिटाचे फोटो मागितले, मी उठून गेलो. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही होय असा धरलात, हा तुमचा गुन्हा. तुमच्या जागी सावकाराच्या घरी जन्मलेला माणूस असता तर मी दोनदा विचारलं असतं. तुम्ही उमरीच्या शाळेतल्या मास्तरांचे चिरंजीव, घरात तीन पिढ्या पुस्तकं. तुम्ही माझा हात धरून म्हणायला पाहिजे होतं, की वैजनाथ, गाढवा, कणीस ठेव. ते तुमचं काम होतं. कॅमेरा माझा, अक्कल तुमची, अशीच भागीदारी होती ना?

आणि ती सोडताना कसे गेलात. चार क्लासवाल्यांच्या ओळखपत्रांचं काम ऐन जूनमध्ये उचललंत आणि नांदेड गाठलंत. लातूरला पोरं तेव्हा टोळधाडीसारखी उतरत होती. एकेका पोराला बत्तीस पासपोर्ट फोटो लागायचे, सीईटीचा फॉर्म, हॉस्टेलचा फॉर्म, मेसचा पास. मी एकटा उभा. बाजारात सगळ्यांना मी एकच सांगितलं, मास्तर कामं घेऊन पळाला.

डब्यांचं विचारलंत. डबे नाहीत.

वैजनाथ


लातूर
१७ सप्टेंबर

रेणुकादासराव,

ह्या वेळी तुम्ही पाकीट पाठवलंत. दोन पानं. वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, दिवसाढवळ्या. समोरचा मेसवाला व्यंकटराव विचारायला आला, "कोण गेलं का?"

तुम्ही लिहिता की डबे नाहीत हे तुम्हाला २००४च्या जूनपासून माहीत आहे. बरोबर आहे, कार्डात विचारलंत ते मी कबूल होतो का बघायला. मीच आता उघड लिहितो, तुमच्या सभ्यपणाचा मला कंटाळा आलाय. मागच्या खोलीत डबे होते. औरंगाबादेकडची सहा पोरं आई-बापांना घेऊन दारात उभी राहिली, खोली द्या म्हणाली. सहा खाटा, महिना सहाशे एका खाटेला. मी भंगारवाल्याला बोलावलं. तो फिल्म धुऊन त्यातली चांदी काढणाऱ्याला विकतो. डब्यांसकट एकतीस किलो भरलं. तुम्ही चार दिवसांनी उमरीहून आलात, मागच्या खोलीचं दार उघडलंत, आत एक पोरगं पाय वर करून फिजिक्स पाठ करून राहिलं होतं. तुम्ही दार लावलंत. मला काही बोलला नाहीत. चष्म्याचं घर आणि तुमचा कीबोर्ड पिशवीत घातलात आणि बसस्टँडला गेलात. ओळखपत्रांची कामं क्लासवाल्यांनी तुमच्या मागं नांदेडला आणून दिली, दोन महिन्यांनी. तेही मला माहीत होतं.

तेव्हा चार शिव्या घातल्या असत्या तर? तुमच्याकडं शिव्या नाहीत काय? नव्हत्या तर माझ्याकडून उसन्या घ्यायच्या. माणूस भांडला की कळतं कुठं दुखलं. तुम्ही दार लावलंत. सात वर्षं मी त्या लावलेल्या दारावर राग काढून राहिलो, आणि आतल्या खाटांचं भाडं मोजून राहिलो.

आता ते वाक्य. "आता हे फोटो कुठं जात नाहीत." तुम्ही लिहिता, ते वाक्य अर्धं आहे. आहे. पुढचं अर्धं माझ्या कानात तितकंच साफ आहे, फक्त ते मी कुणाला म्हणून दाखवत नाही. "आता हे फोटो कुठं जात नाहीत, पण डबे मात्र हलवू नका." झालं समाधान?

पण तुमच्या दुसऱ्या पानावर जे आहे ते वाचून माझं डोकं फिरलंय. तुम्ही म्हणता, तुमच्याकडं एक सेट आहे. सहा सीड्या. त्याच आठवड्यात स्वतःच्या पैशानं कॉपी केल्या आणि घरी लोखंडी कपाटात ठेवल्या. म्हणजे माझ्या मालाची तुम्ही चोरून नक्कल केलीत. मला न विचारता. नऊ वर्षं ती तुमच्या धोतरांखाली पडून आहे आणि मी इथं फरशीकडं बघून बाईला मशीन बिघडल्याचं सांगतोय. पहिल्या कार्डात ही ओळ लिहायला शाई संपली होती? म्हणता, "वाचतात की नाही हे पाहिल्याशिवाय आशा लावायची नव्हती." तुम्ही लोक आशासुद्धा तपासून देता.

तपासली असेल तर पाठवा. कुरिअर नको, ते अहमदपूरला दोन दिवस झोपतं. सकाळच्या नांदेड-लातूर गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्या, माझं नाव सांगा. स्टँडवर मला सगळे ओळखतात.

तीस तारखेला बाई येणार.

वैजनाथ


लातूर
२२ सप्टेंबर

रेणुकादासराव,

सहातली शेवंताची सीडी मिळाली. कंडक्टरनं दोन रुपयेही घेतले नाहीत, म्हणाला, "मास्तरांनी सांगितलं, उन्हात ठेवू नका, तर मी टोपीखाली आणली."

फाइल उघडली. म्हणजे आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि मग उघडली, तुमच्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे, शाळेतल्या पोरासारखं एकेका ओळीवर बोट ठेवून. दुसरी रांग, डावीकडून तिसरी. मोठी केली. आणखी मोठी केली. चौकटी येईनात. रिबिनीची घडी दिसते. खालच्या ओठावर एक चीर आहे, थंडीतली.

तेव्हा जेपेगवरचा माझा राग मी परत घेतो. पण तो ठेवू कुठं हे कळेना, म्हणून दिवसभर ऑपरेटरांवर ओरडलो.

मग तुमची चिठ्ठी पुन्हा वाचली. तुम्ही लिहिलंय, जेपेग उघडून नुसतं बघितलं तर काही होत नाही. बदल करून त्याच नावानं सेव्ह केलं की ते पुन्हा दळलं जातं, आणि दर वेळी थोडं थोडं वाया जातं. खाली लिहिलंय, "झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स." दुसरा कुणी असता तर मी म्हणालो असतो, मला शिकवू नका. पण ही गोष्ट लातुरात मला नाही कळणार तर कुणाला? दर जूनमध्ये पोरं गेल्या वर्षीच्या टॉपरच्या नोट्स झेरॉक्सला घेऊन येतात. एकानं दुसऱ्याच्या काढलेल्या, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. सातव्या हाताला बेरजेची खूण वजाबाकी होते. मी स्वतः पोरांना सांगतो, "अरे मूळ वही आण, नाहीतर नापास होशील." पाटी लावली आहे तशी काउंटरवर.

आणि शेवंताचं मी काय केलं ते लिहितो. दर सप्टेंबरात फाइल उघडायची. गेल्या वर्षीपेक्षा जरा उजळ करायची, बाईला बरं वाटावं म्हणून. गालावरचे ठिपके पुसायचे. केसांची कड साफ करायची. मग सेव्ह. पुढच्या सप्टेंबरात त्याच्यावर पुन्हा. जशी माणसं समाधीला दरवर्षी चुना देतात, तसा मी त्या चेहऱ्याला देत होतो. मूळ फाइल एक एमबीची. माझी आता नव्वद केबी आहे. नऊ वेळा दळली. पोस्टकार्डात ते झाकून जायचं.

तरी तुमच्यावरचा राग सगळा गेला असं समजू नका. पहिल्या वर्षीच एक कार्ड टाकून हे सांगितलं असतं तर? तुम्ही म्हणाल, टाकलं असतं तर मी वाचलं असतं का? नसतं वाचलं. तरी टाकायचं होतं.

वैजनाथ


लातूर
१ ऑक्टोबर

रेणुकादासराव,

काल केवळाबाई आली. सकाळच्या गाडीनं, एकटी. बसमधून उतरताना कंडक्टरनं हात दिला तर त्यालाच म्हणाली, "आंधळी झाल्यावर दे." दुकानाच्या पायऱ्या तिनं पायानं चाचपून चढल्या.

वीस बाय चोवीस इंचाचा प्रिंट काढला होता, काळापांढरा, मॅट. काही उजळलं नाही, काही पुसलं नाही. हात मांडीखाली घालून बसलो होतो म्हणा ना. टेबलावर ठेवला तर म्हणाली, "आत न्हाई, भाईर उजेडात आण." दारात खुर्ची टाकली. रस्त्यावर क्लासची पोरं सुटली होती, सायकलींची नुसती गर्दी. बाईनं फोटो मांडीवर उभा धरला, मान उजवीकडं वळवली, डावा डोळा कागदाजवळ आणला. एक वीत. मग चार बोटं. वरपासून खाली डोळा फिरवत गेली, सुईत दोरा ओवताना बघतात तसं.

मी म्हणालो, "मावशी, दिसतंय का?"

"थांब जरा."

व्यंकटराव पलीकडून ओरडला, "वैजनाथराव, दोन चहा पाठवू का?" मी हातानंच नको म्हणालो.

मग तिनं अंगठा शेवंताच्या डाव्या भुवईवर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.

"आली बघ," म्हणाली.

"काय आली?"

"खोक. देवणी वासरू सुटलं हुतं, त्येच्या मागं पळाली आन् खुंट्यावर पडली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी. हळद भरली तर बोंबलून गाव गोळा केलं. फोटोच्या दिशी खपली हुती, शाळंत जात नव्हती, म्हनली माझं तोंड वंगाळ दिसतंय. म्याच हाणून धाडली." मग म्हणाली, "धाडली म्हनून हितं तरी हाय."

मी विचारलं, "मावशी, आधीच्या फोटोंत नव्हती का ही खोक?"

"न्हाई की. येकाबी वरसी न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

बाईनं डोळा कागदावरून काढला नाही. म्हणाली, "तू येवढं मन लावून करून देतूस. पैसं घेत न्हाईस. मानसाला कसं इचारावं, बाबा, माझ्या लेकराची खोक कुठं गेली म्हनून? मला वाटायचं, फोटू बारका हाय, दिसत नसंल. मंग दोन-चार वर्सांनी वाटाय लागलं, मलाच चुकीचं आठवतंय. खोक दुसऱ्या कुनाच्या पोरीला आसंल."

तिला बसमध्ये बसवून आलो. फोटो तिनं पदराखाली धरला होता, गुंडाळी करू दिली नाही. घडी पडंल म्हणाली. तुम्हाला निरोप आहे, मास्तरला म्हणावं, एकदा येऊन जा, दिसतंय तोवर.

मी दुकानात परत येऊन माझ्या कॉम्प्युटरचा जुना फोल्डर उघडला. २००२चा पहिला प्रिंट कसा केला होता त्याची नोंद माझ्या हातची आहे, मी प्रत्येक कामाची ठेवतो. शेवंता, लिंबाळवाडी, पोस्टकार्ड, एक प्रत. त्याखाली, काय दुरुस्ती केली त्या रकान्यात, लिहिलंय: डाव्या भुवईवर धूळ होती, काढली.

वैजनाथ